मुखत्यार म्हणजे मालक नव्हे!

आईवडील थकले, की बँकेत, सोसायटीत, कचेरीत हेलपाटे कोणी घालायचे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. मग वडील थोरल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतात. यात गैर काहीच नाही. परंतु 'आता खोली माझीच' असा समज मुलाने करून घेतला आणि बहिणींनीही तो निमूटपणे मानला, तर भावंडांत कलह ठरलेलाच.

मुखत्यार म्हणजे मालकाच्या वतीने, मालकाच्या हितासाठी सही करणारा. मालकी वडिलांचीच राहते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २०१ प्रमाणे वडिलांचे निधन झाले किंवा त्यांची बुद्धी स्थिर राहिली नाही, की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे विस्मृतीच्या आजारात ऐन गरजेच्या वेळी तो कागद कुचकामी ठरतो. निधनानंतर तर त्याच्या आधारे बँकेतून एक रुपयाही काढता येत नाही. केवळ मुखत्यारपत्रावर खोली 'विकत' घेणाऱ्यांनीही सावध असावे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

काही कुटुंबे हयातीतच ट्रस्ट करतात. १८८२ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत दस्त करून घर विश्वस्ताकडे सोपवायचे व लाभ कोणाला द्यायचा ते लिहून ठेवायचे. वडिलांच्या पश्चातही हा ट्रस्ट चालू राहतो. मात्र ट्रस्टमध्ये गेलेल्या घरावर वडिलांच्या मुखत्याराची सही चालत नाही. तेथे अधिकार विश्वस्ताचा. घरात कायम सांभाळावे लागणारे अपंग अपत्य असेल, तर हा मार्ग विचारात घ्यावा.

एका खोलीच्या संसाराला बहुधा मृत्युपत्र पुरते. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हयातीत ते केव्हाही बदलता येते. सोसायटीतला नॉमिनी हाही वारसांच्या वतीनेच असतो, हे विसरू नये.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू होतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांची पत्नी, आई, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. मुलीच्या याच हक्कासाठी बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले. ते बिल रखडवले गेले, हे १९५१ मधील त्यांच्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे एक कारण होते. अशा बापाची लेकरे म्हणवणाऱ्यांनी साडीचोळी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावी, हे शोभते काय?

म्हणून आईवडील धडधाकट आहेत तोवर सर्व मुलामुलींना एकत्र बसवा. मुखत्यारपत्र द्यायचेच, तर कोणत्या कामासाठी ते नेमके लिहा आणि त्याच सुमारास मृत्युपत्रही करा. सही करण्यापूर्वी कागद वकिलाकडून वाचून घ्या. मगच अंगठा उठवा. जयभीम!