देवघेवीची खिडकी

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले, तेव्हा संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे ऐन विशीत होते. शिक्षण विज्ञानाचे, धंदा मिठाचा आणि ओढा जुन्या मराठी पोथ्यांकडे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. वाचनालये त्याआधीही होती. रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. पण पुण्यातल्या वाचनालयाचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. त्या काळच्या वाचनालयांवर साहेबाची छाया किती होती, ते या नावातच दिसते. ठाणेकरांनी मात्र मराठी ग्रंथच जमवायचे ठरवले. पाच वर्षांनी, १८९८च्या १ ऑगस्टला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

अशी वाचनालये उभी राहिली ती वर्गणीवर. आजही महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकारची नाहीत. ती गावकऱ्यांच्या नोंदणीकृत संस्थांची आहेत. त्यांना कार्यकारिणी असते, वार्षिक सभा असते आणि त्या सभेत हिशेबावरून हमखास भांडणही असते. सरकार देते ते अनुदान.

बाहेरून पाहणाऱ्याला वाचनालय म्हणजे कपाटे वाटतात. सभासदाच्या लेखी ते म्हणजे देवघेवीची खिडकी आणि तिच्यामागे बसलेल्या बाई. अनेक ठिकाणी सभासदांना कपाटांपर्यंत जाता येत नाही, पुस्तक मागावे लागते. आणि मागणाऱ्यांत निम्मे लोक नाव सांगतच नाहीत. “काहीतरी चांगलं द्या,” एवढीच मागणी. मग बाई चेहरा पाहतात, गेल्या वेळी काय नेले होते ते आठवतात आणि आतून एक पुस्तक आणून ठेवतात. “काका, हे घेऊन जा. नाही आवडलं तर उद्याच बदलून देते.” कुठल्या आजींना रडवणारा शेवट चालत नाही, कोणाला ऐतिहासिक कादंबरीशिवाय झोप येत नाही, बारावीच्या कोणत्या मुलाला सुहास शिरवळकर दिले तर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल, हे कुठल्या नोंदवहीत लिहिलेले नसते. पुस्तकाची शिफारस करण्याची याहून भरवशाची पद्धत मला ठाऊक नाही.

शिफारशी पुस्तकांच्या आतही असतात. समासात पेन्सिलीने ‘अप्रतिम’, खाली दुसऱ्या हाताचे ‘अजिबात नाही’, आणि रहस्यकथेच्या दहाव्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा एखादा नतद्रष्ट. शेवटच्या पानाला तारखांचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर शिक्के दाटले आणि पाने सुटायला लागली की पुस्तक बाइंडिंगला जाते. जाड पुठ्ठा, पाठीला कापड, त्यावर दाखल क्रमांक. ‘मृत्युंजय’ कितीदा बांधला हे बऱ्याच वाचनालयांत आता कोणी मोजत नाही. ज्या पुस्तकावर शिक्काच नाही, ते मात्र कसरीच्या वाट्याला जाते. डांबरगोळ्यांपेक्षा वाचकाचा हात लागणे हाच त्यावरचा खरा उपाय.

दिवाळीत या खिडकीचे रूप पालटते. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाला वाचनाची जोड आहे. सगळे अंक विकत घेणे कोणालाच परवडत नाही. म्हणून वाचनालये वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना काढतात आणि फराळ संपला तरी पुढे कित्येक महिने ते अंक घरोघर फिरत राहतात. एरवी वाचनालयाचे तोंड न पाहणारे शेजारीही तेव्हा रांगेत दिसतात. बाकी उपक्रम सर्वांच्या परिचयाचे: वर्तमानपत्रांचा मुक्तद्वार विभाग, व्याख्यानमाला, मुलांचा विभाग. अभ्यासिकेत आता स्पर्धा परीक्षांची मुले बसतात. ती कादंबरीला हात लावत नाहीत, अशी जुन्या सभासदांची तक्रार असते. पण घरात टेबल नसलेल्या मुलाला खुर्ची, दिवा आणि पंखा देणे हेही वाचनालयाचेच काम आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्थानिक इतिहासाचा साठा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८६७पर्यंत छापलेले मराठी ग्रंथ निगुतीने जपले. अभ्यासक त्यांना दोलामुद्रिते म्हणतात. त्या साली छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद करण्याचा कायदा आला. त्याआधीच्या, शिळाप्रेसवरच्या कित्येक पुस्तकांचा पत्ता अशा संग्रहांमुळेच लागतो. १९४८ साली याच संस्थेने मराठी संशोधन मंडळ काढले आणि अ. का. प्रियोळकरांसारखा काटेकोर माणूस त्याचा संचालक झाला. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली सूचीही याच संस्थेने छापली. तालुक्याच्या गावी एवढे नसते. पण बंद पडलेल्या साप्ताहिकाचे बांधीव अंक, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, नगरपालिकेचे जुने अहवाल असतात. गावातला पूर कधी आला होता, गिरणी कधी बंद पडली, हे त्यातच सापडते.

पैशाची बाजू मात्र लंगडी आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना मान्यता आणि अनुदान दिले. ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी निदान २५ लाख रुपये घालावेत, असे त्यात लिहिले. तमिळनाडू-कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर मात्र आपण लावला नाही. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. २०१२नंतर बरीच वर्षे ‘ड’ वर्गाला सालीना ३०,००० रुपये मिळत. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे खिडकीतल्या माणसाला महिना साडेबाराशे. पुढे अनुदान वाढले, पण एवढ्यावर कोणाचे घर चालावे अशी परिस्थिती आजही नाही.

तेव्हा जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा; वर्गणी चहाच्या खर्चाहून फारशी जास्त नसते. आणि घर आवरताना जुनी गाइडे तिथे नेऊन टाकू नका. वडिलांच्या शाळेची स्मरणिका, आजोबांनी जपलेले स्थानिक साप्ताहिक, मंडळाचा जुना अहवाल निघाला, तर तो रद्दीवाल्याकडे जाण्याआधी खिडकीशी नेऊन दाखवा.