गृहनिर्मित विमान

विक्रीसाठी कारखान्यात तयार न होता, एखाद्या हौशी व्यक्तीने किंवा लहान गटाने शिक्षण अथवा करमणूक या हेतूने स्वतः बांधलेल्या विमानाला गृहनिर्मित विमान म्हणतात. अशी विमाने बहुधा एक वा दोन आसनांची असतात व ती घरालगतच्या मोटारखान्यात, गोदामात, क्वचित इमारतीच्या गच्चीवरही बांधली जातात. कारखान्यातील विमानाचा मूळ नमुना कसोट्यांना उतरल्यावर त्याला मान्यता मिळते. पुढील प्रत्येक विमान त्या नमुन्याबरहुकूम आहे एवढेच पाहावे लागते. गृहनिर्मित विमानाला असा आधार नसतो. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व इतर काही देशांत त्याची गणना ‘प्रायोगिक’ वर्गात होते. एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेल्या विमानांचे वजन, तोल व हवेतील वर्तन यांत फरक पडतो, हे लक्षात घेता हा शब्द अगदी यथार्थ आहे.

राइट बंधूंचे १९०३ चे विमानही एका अर्थाने गृहनिर्मितच होते. ब्राझीलचे आल्बेर्तो सांतुस-द्यूमाँ यांनी पॅरिसमध्ये तयार केलेल्या ‘द्‌म्वाझेल’ या चिमुकल्या विमानाचे आराखडे कोणालाही वापरू दिले व ते १९१० मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाले. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मोटारगाडीचे एंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून दोन आसनी ‘एअर कँपर’ उडविले. त्याच्या प्रती आजही बांधल्या जातात.

या छंदाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र फ्रान्समधील आंरी मीन्ये यांच्या ‘पू-द्यू-सिएल’ (आकाशातील पिसू) या विमानाचे आहे. मीन्ये यांना नेहमीच्या पद्धतीचे विमान चालविणे अवघड वाटे. हात व पाय यांचा मेळ घालण्याची गरज नसलेले, वेग कमी झाला तरी एकाएकी न कोसळणारे आणि सामान्य माणसास परवडणारे विमान त्यांना हवे होते. १९३३ मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानात पुढे वरच्या बाजूस एक पंख व त्याच्या अगदी मागे, किंचित खाली दुसरा पंख होता. पुढचा पंख बिजागरीवर हलत असे. दांडा मागे ओढला की त्याचा कोन वाढून विमान वर चढे. दांडा बाजूला कलविला की सुकाणू वळे. पायांना काही काम नव्हते. मीन्ये यांचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध होताच फ्रान्स व इंग्लंडमध्ये शेकडो लोकांनी बांधणीस हात घातला. ऑगस्ट १९३५ मध्ये स्वतः मीन्ये यांनी या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली.

याच सुमारास अपघातांची मालिका सुरू झाली. विमान नाक खाली करून सूर मारी, वैमानिक दांडा पूर्ण मागे ओढी, तरीही विमान सावरत नसे. अनेक वैमानिक प्राणास मुकले. १९३६ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो व फ्रान्समधील शाले-मदाँ येथे पूर्णाकृती विमान वातविवरात, म्हणजे कृत्रिम वायुप्रवाहाच्या बोगद्यात, ठेवून तपासण्यात आले. दोन्ही पंखांमधील अरुंद फटीतून वाहणारी हवा मागील पंखावरील प्रवाहास जोर देते, असे दिसून आले. सुरात असताना पुढील पंखाचा कोन वाढविला की त्याबरोबर मागील पंखाचे उत्थापनही वाढे, शेपटीकडील बाजू उचलली जाई व नाक खालीच राही. गुरुत्वमध्य जेवढा मागे, तेवढा हा दोष तीव्र. वैमानिक सुटकेसाठी जी कृती करी तीच त्याला अडकवीत असे! अधिकाऱ्यांनी उड्डाणांस बंदी घातली. दोष समजल्यावर पंखांतील अंतर व गुरुत्वमध्य बदलून सुरक्षित आवृत्त्या करता आल्या. परंतु जनतेचा विश्वास उडाला होता. मीन्ये यांची कल्पकता वादातीत होती. मात्र शेकडो हौशी लोकांच्या हाती आराखडा देण्यापूर्वी व्हायला हवी होती ती वातविवरातील तपासणी अपघातांनंतर झाली.

आराखडा : नवख्या अभिकल्पकाचे लक्ष प्रथम पंखाच्या आकाराकडे जाते, अनुभवी माणूस वजनापासून सुरुवात करतो. एंजिन, इंधन, माणसे व सांगाडा यांच्या वजनांच्या अंदाजावरून पंखाचे क्षेत्रफळ ठरते व त्यावरून विमान किती कमी वेगाने सुरक्षितपणे उतरू शकेल हे कळते. बांधताना वजन हमखास वाढते. शिवाय ते कोठे वाढले यालाही महत्त्व असते. समजा, शेपूट गुरुत्वमध्यापासून ४ मी. मागे व एंजिन १.२ मी. पुढे आहे, तर शेपटीत रंगाचा जाड थर दिल्याने वाढलेल्या एका किलोग्रॅमची भरपाई करण्यास नाकाकडे ३ किग्रॅ.पेक्षा अधिक भार घालावा लागतो. गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला, तर विमान चंचल होते व कोसळू लागल्यास सावरणे दुरापास्त होते.

बळकटीची गणना अशीच रोखठोक असते. साधारण वर्गातील लहान विमान स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसेल असे धरतात व त्यावर १.५ हा सुरक्षा गुणक लावतात. ५०० किग्रॅ. वजनाच्या विमानाच्या पंखांनी याप्रमाणे सु. २,८५० किग्रॅ. भार मोडून न पडता पेलला पाहिजे. याची परीक्षा पंख उलटे टांगून त्यांवर वाळूच्या पिशव्या रचून घेता येते. पद्धत जुनी असली, तरी तिच्याइतकी खात्री कागदावरील आकडेमोडीने होत नाही.

साहित्य : स्प्रूस लाकूड, प्लायवुड व कापड, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या जोडलेल्या नळ्या, ॲल्युमिनियमचे रिव्हेटांनी जोडलेले पत्रे, असे पर्याय रूढ आहेत. १९७५ मध्ये बर्ट रूटान यांच्या ‘व्हेरीईझी’ विमानाने नवी वाट दाखविली. फेसाळ प्लॅस्टिकचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून त्यांवर काचतंतूंचे कापड व एपॉक्सी चढविल्याने खर्चिक साचे लागत नाहीसे झाले. याच तंत्रांच्या परंपरेतील ‘व्हॉयेजर’ने डिसेंबर १९८६ मध्ये कोठेही न उतरता व वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. रिचर्ड व्हॅनग्रनझ्वन यांच्या धातूच्या ‘आरव्ही’ मालिकेचे सुटे भाग संचरूपाने मिळतात व अशी ११,००० हून अधिक विमाने उडाली आहेत. तयार पंख दारातून बाहेर काढता येईल की नाही, हे मात्र काम सुरू करण्यापूर्वीच मोजून ठेवलेले बरे.

नियम व सुरक्षितता : अमेरिकेत बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीनेच केलेले असावे लागते. विमानावर ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळकपणे रंगवितात आणि प्रारंभीची साधारणतः २५ ते ४० तासांची उड्डाणे ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करावी लागतात. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. विमान विकले तरी तो परवाना खरेदीदाराकडे जात नाही. ही तरतूद रास्त आहे, कारण २०११ मधील अपघातांच्या अमेरिकन पाहणीत निम्म्याहून अधिक विमाने दुसऱ्याकडून विकत घेतलेली आढळली. गायक जॉन डेन्व्हर यांचा ऑक्टोबर १९९७ मधील मृत्यू याचे दुःखद उदाहरण होय. त्यांनी विकत घेतलेल्या ‘लाँग-ईझी’ विमानात इंधन-टाकी बदलण्याची खुंटी, मूळ आराखड्यातील जागा सोडून, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविलेली होती. तिच्याकडे वळताना विमानावरील ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

भारतात अशी विमाने थोडी आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले व ते २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले.