पणजोबांचा माग : खानेसुमारी ते कोतवाल बुक

पोटासाठी गाव सोडलेल्या पूर्वजाचा माग कागदावर कसा काढावा, असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. हा हौसेचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे तो शिष्यवृत्तीचा आणि भाकरीचा प्रश्न आहे.

मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या नोंदीत नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची सारे सापडते. ती दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मजुराला ओळखून ताब्यात ठेवायचे होते, म्हणून ती लिहिली गेली. आज तीच नातवंडांच्या उपयोगी पडतात. माझे पणजोबा मात्र शिंदखेड्याकडून निघून भुसावळला रेल्वेच्या कामावर गेले. आगगाडीत चढताना त्यांचे नाव कोणी लिहून घेतले नाही.

मग खानेसुमारी पाहावी? १९३१ पर्यंतच्या अहवालांत जातवार आकडे आहेत, जन्मजिल्ह्याचे तक्ते आहेत. त्यांतून स्थलांतराचा लोंढा दिसतो, माणूस दिसत नाही. घरोघरच्या नोंदी १९४८ च्या जनगणना कायद्याने बंद आहेत. त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. सरकारने आपल्याला मोजले ते जात म्हणून, नावानिशी आपल्या हाती काही दिले नाही.

नाव सापडते ते गावच्या दप्तरात. जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना चौदा, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिची प्रमाणित नक्कल तहसील कचेरीतून मिळते. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत हवा. आडनाव शोधू नका. बापाचे नाव आणि जात शोधा. आजोबांच्या जन्माची नोंद मला तशीच मिळाली. तीत माझी पणजी कुठेच नव्हती. जन्म देणारीचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

पुढे शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, वतनाचे कागद आणि नोकरीचे कागद पाहावेत. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव आणि धुळे ते हेच. त्यापूर्वीच्या कागदावर नुसते ‘जिल्हा खानदेश’ असते. पश्चिमेतून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, हेही ध्यानात ठेवावे. १९५६ नंतरच्या कागदांवर ‘बौद्ध’ असेल, तर आधीच्या ‘महार’ नोंदीशी दुवा जुळवावा लागतो.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. १० ऑगस्ट १९५० रोजी घराणे जिथे राहत होते, तिथला अधिकारी दाखला देतो. माझे घराणे त्या दिवशी भुसावळला होते. म्हणून अर्ज भुसावळला आणि पुरावा धुळे जिल्ह्यातला. ‘मूळ गावी जा’ एवढ्या शब्दांवर पोरांनी परत फिरू नये.

ज्या शब्दाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तोच शब्द आज पुराव्यासाठी शोधावा लागतो. ही विटंबना खरी. पण कागद हाती असल्याशिवाय तिच्याशी भांडता येत नाही. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना गावे, नावे आणि नाती विचारा, आणि आजच लिहून ठेवा.