पर्वतारोहण आणि परोपकार

परोपकारासाठीं पर्वत चढावयाचा, ही कल्पना प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. रुग्णाला हवें औषध. त्यासाठीं शिखर कशाला? पण कोणी कष्ट सोसूं लागला म्हणजे पाहणाऱ्याचा हात खिशाकडे वळतो, हें खरें. २००९ सालीं ब्रिटनमधील नऊ नामवंत मंडळी 'कॉमिक रिलीफ' या संस्थेसाठीं टांझानियांतील किलिमांजारो पर्वत चढून गेली आणि आफ्रिकेंतील हिवतापाच्या निवारणार्थ ३० लाख पौंडांहून अधिक निधि जमला.

या पर्वताची उंची ५,८९५ मीटर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून तेथील वाटाडे 'पोले पोले', म्हणजे 'सावकाश, सावकाश', असें बजावीत चालतात. असह्य डोकेदुखी, वांति, चालतांना तोल जाणें, हीं लक्षणें दिसतांच माणसाला खालीं उतरवावें लागतें. तो निर्णयहि वाटाड्याचाच.

परंतु तंबू, शिधा, भांडीं वाहून नेणाऱ्या हमालांकडे कोणाचें लक्ष जातें? ओझ्याला २० किलोंची मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जाते काय? त्यांना पोटभर अन्न, उबदार वस्त्र व पुरी मजुरी मिळते काय?

तेव्हां अशा मोहिमेसाठीं कोणी वर्गणी मागावयास आला, तर दोन प्रश्न अवश्य विचारावे. प्रवासखर्च तुम्ही स्वतः सोसणार, कीं तो या वर्गणींतूनच निघणार? आणि तुमचें ओझें वाहणाऱ्यांची व्यवस्था काय? दूरच्या दुःखितांसाठीं निघालेल्यानें बरोबरच्या हमालाची उपेक्षा केली, तर त्या परोपकारांत मोठेंच वैगुण्य राहील.