मळी, रम आणि मामाचे सात तास

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात रमवर लेख, आणि तोही एका मुलीने लिहिलेला, हे पाहून काही गुरुजनांच्या भुवया वर जातील याची मला कल्पना आहे. म्हणून आधीच सांगून टाकते की, रमचा थेंबही मी चाखलेला नाही. मळीचा वास मात्र पाळण्यापासून ओळखीचा. आमचे आप्पा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की तो वास त्यांच्या कपड्यांना, घरातल्या अंथरुणांना, इतकेच काय माझ्या वह्यांनाही लागतो.

निमित्त झाले मामाचे. मामा गुहागरकडचा, एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कामाला. आठ महिन्यांच्या करारात जमिनीवर पाय ठेवायला असे किती दिवस मिळणार! येत्या मार्चमध्ये त्याचे जहाज बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन बंदरात सकाळी लागेल आणि संध्याकाळी सुटेल. मधले सात तास त्याचे स्वतःचे. त्याचा फोन आला, "अगो बाय, तू इतिहासवाली ना? तिथे रमच्या चार डिस्टिलऱ्या आहेत म्हणे. चारही बसव एका दिवसात."

मी नकाशा पसरून बसले. बेट ते केवढे! लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३. आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. चार काय, सहा बसतील असे वाटले. पण नकाशावरची बोटभर वाट प्रत्यक्षात उसाच्या शेतांमधून वळणे घेत जाणारा अरुंद रस्ता असतो. शिवाय चार ठिकाणी चाखत फिरणाऱ्या माणसाला चौथ्या ठिकाणचे काय आठवणार? तेव्हा गाळायचे काय, हाच खरा प्रश्न होता.

त्यासाठी रम होते कशी ते आधी समजून घ्यावे लागले. इथे आप्पांचा उपयोग झाला. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढून घेतले की मागे राहते ती काळी, चिकट मळी. तीत पाणी आणि यीस्ट घातले की ती आंबते आणि साखरेचे अल्कोहोल होते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. या फरकावर सारी भट्टी चालते. तांब्याच्या हंड्यासारख्या भांड्यात एकेक घाण उकळली की जड, वासाळ अर्क मिळतो. उंच स्तंभात अखंड वाफ सोडली की हलका मिळतो. बार्बाडोसची ख्याती या दोन्हींच्या मिश्रणाची. मग ते मिश्रण ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. पिंपे बहुधा अमेरिकेहून येतात, कारण तिकडच्या बर्बन व्हिस्कीला कायद्याने दरवेळी नवे पिंप लागते आणि जुने विकावे लागते. उष्ण हवेत पिंपातला अर्क थंड देशांपेक्षा फार लवकर उडून जातो, म्हणून तिथली बारा वर्षांची रम म्हणजे फार जुनी रम. (आपल्याकडची पुष्कळशी स्वस्त व्हिस्की मुळात मळीच्याच अल्कोहोलची असते, ही माहिती आप्पांनी आईचे लक्ष नसताना पुरवली.)

आता ठिकाणे. सर्वांत नामांकित माउंट गे. १७०३च्या एका दस्तऐवजात तिच्या जागेवरच्या पवनचक्क्या, काहिली आणि भट्टीघर यांची नोंद आहे. त्यावरून ती जगातली सर्वांत जुनी चालू रम डिस्टिलरी म्हणवते. पण बंदराजवळ पाहुण्यांसाठी जे केंद्र आहे तिथे रम गाळत नाहीत. भट्टी आहे बेटाच्या उत्तर टोकाला, सेंट लुसी परगण्यात. नकाशा न पाहता जाणारा इथेच फसतो. दुसरी ब्रिजटाउनजवळ समुद्रकाठची, १८९३ची. ती मी पहिल्या फेरीतच गाळली. तिसरी सेंट निकोलस ॲबी, उत्तरेकडे सेंट पीटर परगण्यात. नाव मठाचे, पण मठ तिथे कधीच नव्हता. आहे तो १६५८च्या सुमाराचा मळेवाल्याचा वाडा. तिथे आपल्या गुऱ्हाळासारखा, पण वाफेवर चालणारा जुना चरक आहे, आणि स्वतःच्या उसाची काकवी करून तिची रम काढतात. चौथी फोरस्क्वेअर, आग्नेयेला सेंट फिलिप परगण्यात, एका जुन्या साखर कारखान्याच्या आवारात १९९०च्या दशकात उभी राहिलेली. तांब्याचे भांडे आणि स्तंभ दोन्ही एकाच छपराखाली पाहायचे तर हीच.

तिथला ऊस साधारण फेब्रुवारी ते मे या काळात तुटतो. मामा मार्चमध्ये जाणार म्हणजे चरक फिरताना दिसण्याची आशा आहे. हे ऐकताच आप्पांनी निकाल दिला, "ॲबी पाहिजेच." पुढे मी सांगितले की बेटावर साखर कारखाना आता एकच उरला आहे आणि डिस्टिलऱ्यांना लागणारी बरीचशी मळी बाहेरून आणावी लागते. आप्पा हातातला चहा तसाच धरून बसले. "उसाच्या बेटावर मळी आयात?" एवढेच म्हणाले.

इथवर योजना जमली होती. मग मी इतिहासवाली असल्याची शिक्षा भोगली. इंग्रजांनी १६२७ मध्ये वसाहत केली, १६४०च्या दशकात ऊस आला, आणि उसापाठोपाठ आफ्रिकेतून लाखो माणसे साखळदंडांत आणली गेली. ‘रम’ या शब्दाचे अगदी जुने उल्लेख याच बेटावरचे. तिच्या दुसऱ्या नावाचा अर्थ होता ‘सैतानमार’. १६६१ मध्ये गुलामांविषयी कायदा झाला, त्याने माणसाला मालमत्ता ठरवले. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, तरी उमेदवारीच्या नावाखाली वेठ १८३८ पर्यंत चालली. ब्रिटिश सरकारने आपल्या साऱ्या वसाहतींसाठी दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. राबणाऱ्यांना काही नाही.

क्राइस्ट चर्च परगण्यात न्यूटन नावाचा एक जुना मळा आहे. त्याच्या कडेला या माणसांची दफनभूमी आहे. ५००हून अधिक माणसे तिथे पुरलेली असावीत. १९७०च्या दशकात तिथे उत्खनन झाले तेव्हा एका वृद्धाच्या गळ्यात माळ सापडली. तिच्यात कवड्या, काचेचे मणी, कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके आणि तांबूस अकिकाचा एक मणी होता. तो मणी बहुधा आपल्या खंबायतेचा, असा संशोधकांचा कयास आहे. खंबायतेहून आफ्रिका, आफ्रिकेतून बार्बाडोस, आणि तिथे उसाच्या मळ्याखालची माती! माळ अंगावर ठेवून त्याला पुरणाऱ्यांना तो कोणी जाणता, वैदू वाटत असावा. आपल्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणापासून पाहत आले आहे; ते वाचल्यावर मला पुढचे टिपण करता येईना.

मामाला सांगितले. तो चिडला. "सात तासांची सुटी, त्यात मसणवट कशाला गो?" त्याचेही खरे होते. आठ महिने परक्यांची ताटे भरणाऱ्या माणसाला हसायला एक दिवस मिळतो, त्यात भाचीने इतिहास शिकवावा का? आई तर म्हणाली, तुझी परीक्षा त्याच्यावर घेऊ नकोस. मी दोन दिवस गप्प राहिले. मग नकाशात दिसले की फोरस्क्वेअरला जाताना न्यूटनसाठी वाट फार वाकडी करावी लागत नाही. तेव्हा भांडण न करता ते वाटेतच घातले, आणि त्याला फक्त त्या मण्याची गोष्ट लिहून पाठवली.

योजना अशी ठरली. साडेआठला बंदराबाहेर टॅक्सी. तिथल्या टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून दिवसाचे भाडे बसण्याआधी ठरवायचे, आणि ते बार्बाडोसच्या डॉलरात की अमेरिकन, हे स्पष्ट विचारायचे. दोघांत दुपटीचा फरक आहे. बस स्वस्त, साडेतीन स्थानिक डॉलरात बेटाच्या कोणत्याही टोकाला नेते, पण बस चुकली तर जहाज थांबणार नाही. आधी सर्वांत लांबचे उरकायचे: साडेनऊला ॲबी. साडेअकराला निघून दक्षिणेकडे; वाटेत डबा खायचा, रिकाम्या पोटी चाखायचे नाही. पाऊणच्या सुमारास न्यूटन, दीडला फोरस्क्वेअर, अडीचला परत. वेळ उरला आणि उघडे असले तर बंदराजवळचे माउंट गेचे केंद्र; १७०३ला नमस्कार केल्यासारखे होईल. चरक कोणत्या दिवशी फिरतो हे ॲबीला आधी विचारून घ्यायला सांगितले आहे.

माझ्या भावाने केन्सिंग्टन ओव्हल मैदानासाठी हट्ट धरला होता. १९६२ मध्ये तिथेच नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात चेंडू लागला आणि फ्रँक वॉरेलने त्याच्यासाठी रक्त दिले. २०२४चा वीस षटकांचा विश्वचषक आपण जिंकला तोही तिथेच. मैदान शहरातच असल्यामुळे टॅक्सीतून बाहेरून दर्शन घडवण्याचे मामाने कबूल केले आहे.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. वेळापत्रक त्याने लिहून घेतले, न्यूटनसकट. म्हणाला, "अर्धाच तास हं. आणि तो मणी तिथे दिसतो का?" मी म्हटले, नाही मामा, तो उत्खननातच बाहेर काढला. "मग काय बघू?" जागा बघ, म्हटले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग विचारले, आप्पांना काय आणू?

आप्पांनी बाटली नको म्हणून सांगितले आहे. त्यांना त्या वाफेच्या चरकाच्या दात्यांचे जवळून घेतलेले फोटो हवे आहेत, दोन्ही बाजूंनी.