कैद्यांवरील अत्याचार कोणत्या रकान्यात?

वर्धा जिल्हा कारागृहातील एखाद्या प्रौढ पुरुष कैद्याने बलात्काराची तक्रार केलीच, तर ती बलात्कार म्हणून नोंदलीच जाणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार बलात्काराची पीडित केवळ स्त्रीच असू शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील १९७२ च्या मथुरा प्रकरणाने पेटलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कोठडीतील बलात्कारासाठी कठोर शिक्षा आली. तुरुंग कर्मचाऱ्याने ‘कैद्यावर’ केलेल्या बलात्काराचा उल्लेख कायद्यात आजही आहे. मात्र मूळ व्याख्येमुळे हा कैदी म्हणजे स्त्रीच!

पूर्वी निदान दंड विधानाचे कलम ३७७ होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०१४ पासून त्याखालील गुन्हे वेगळे मोजू लागला होता. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली आणि ते कलमच उरले नाही. आता अशी तक्रार दुखापतीसारख्या कलमांखाली जाते आणि त्या मोठ्या आकड्यात विरून जाते.

अमेरिकेने २००३ मध्ये कायदा करून थेट कैद्यांनाच निनावी प्रश्न विचारण्याची व्यवस्था केली. २०११-१२ च्या पाहणीत तेथील राज्य व संघीय तुरुंगांतील सुमारे ४ टक्के कैद्यांनी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. आपली आकडेवारी दाखल गुन्ह्यांवर उभी आहे. आणि गुन्हा दाखल करू पाहणाऱ्याला रात्री त्याच बराकीत परतायचे असते.