पुण्याचा जन्म, परदेशी शोध

विनोद धाम यांना २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा ‘पेंटियमचे जनक’ हेच बिरुद पुन्हा सर्वत्र झळकले. १९५० साली पुण्यात जन्मलेल्या या अभियंत्याचे स्मृतितंत्रातील कार्य त्यामागे झाकले जाते. १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये दाखल झाले, त्या काळी वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती पुसायची तर चिप यंत्रातून काढून, तिच्या काचेच्या खिडकीतून वीसेक मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. फ्लॅश तंत्राने हे काम चिप जागेवरच ठेवून, विजेने होऊ लागले. मूळ कल्पना तोशिबाच्या मासुओकांची. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश तंत्राचे धाम हे सहसंशोधक.

दिल्लीत अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९७५ मध्ये ते अमेरिकेस गेले. यास ‘बुद्धीचे पलायन’ म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. परंतु बुद्धीला कारखाना लागतो, अपयश सोसणारे भांडवलही लागते. मोहालीचा सरकारी चिप-कारखाना १९८४ मध्ये उत्पादनास लागला आणि १९८९ च्या आगीनंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचा ७० टक्के खर्च केंद्र व गुजरात सरकारने पत्करला आहे. तो प्रकल्प मात्र स्मृतिचिपांच्या जुळणीचा आणि तपासणीचा आहे, त्या घडविण्याचा नव्हे. या पैशातून संशोधन किती उभे राहणार, हे करदात्याने विचारावयास हवे.